फणीवरचा नाताळ

एक किलो मैद्याचे कुलकुल करायला घेतले तर तीनशेच्या वर नग होतात आणि त्यातला प्रत्येक नग हाताने वळावा लागतो. सुपारीहून लहान गोळी घ्यायची, फणीच्या दातांवर ठेवून अंगठ्याने दाबत पसरायची आणि एका कडेने गुंडाळत आणायची. पाठीवर रेघा उमटलेली, आतून पोकळ, शिंपल्यासारखी वळकटी हातात येते. ती परातीत टाकायची आणि पुढची गोळी घ्यायची. वसईत नाताळाआधी अनेक घरांत तीन-चार किलो मैद्याचा घाट असतो, म्हणजे हजारावर कुलकुल. एकट्याने करायचे हे काम नव्हेच. ज्या कोणी हा पदार्थ पहिल्यांदा केला, त्याने तो घरभरची माणसे हिशेबात धरूनच केला असणार.

‘सण आणि हात’ असा विषय संपादकांनी दिला तेव्हा दिवाळीच्या फराळावर लिहिणे सोपे होते. पण त्याबद्दल आपण दर वर्षी लिहितो, वाचतो. मराठी बोलणाऱ्या घरांतच दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी आणखी एक फराळ होतो. त्यातही तळण आहे, भट्टी आहे, साखरेची नक्षी आहे. तो ताटातून आपल्याकडे येतो, पण होताना आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. तो पाहायला मी डिसेंबरात वसईच्या गावांत गेले, तिथून गोव्यात आणि मग अहिल्यानगरला.

एका टेबलाभोवती

वसई रोड स्टेशनाच्या पश्चिमेला इमारतींची गर्दी ओसरली की गिरीज, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल ही गावे लागतात. नारळ, केळी, विहिरी, फुलांच्या आणि भाजीच्या वाड्या. डिसेंबरात घरोघरी तारे टांगलेले असतात आणि अंगणात येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा आणि बांबू येऊन पडलेले असतात. पोर्तुगीजांकडे हा मुलूख 1534 मध्ये आला आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो त्यांच्याकडून घेतला. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या शेतकऱ्यांचा, बागायतदारांचा धर्म बदलला, पण शेती तीच राहिली आणि बोलीही तीच राहिली. कादोडी आणि वाडवळी आजही घरात बोलल्या जातात, मिस्सा मराठीत होते. 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. स्वयंपाकघरातही हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी नांदतात: करंजी आपली आणि केक बाहेरून आलेला, दोन्ही एकाच डब्यांच्या रांगेत.

मी ज्या घरात बसले तिथे जेवणाच्या टेबलावर जुनी धुतलेली चादर अंथरली होती. आजीने पीठ सकाळीच तिंबून ओल्या फडक्याखाली ठेवले होते. मैदा, मूठभर बारीक रवा, पिठीसाखर, कडकडीत तुपाचे मोहन, चिमूटभर मीठ आणि नारळाचे पहिले, दाट दूध. पाणी अजिबात नाही. काही घरांत अंडे घालतात, या घरात घालत नाहीत, कारण ही ताटे शाकाहारी शेजाऱ्यांकडेही जायची असतात.

कामे वयानुसार आपोआप वाटली गेली. सर्वांत लहान मुलांकडे गोळ्या करणे. त्यांच्या गोळ्या लहानमोठ्या होतात, त्या सारख्या करायला एक मोठी बहीण शेजारी. फण्यांवर शाळकरी मुले, सुना आणि सुटी काढून आलेली मुंबईची नोकरदार पुतणी. तळणाला काका. आजीच्या हातात आता वळण्याएवढा जोर नाही, पण परात तिच्यापुढून गेल्याशिवाय कढईकडे जात नाही. ज्याची कड नीट चिकटलेली नाही तो कुलकुल ती बाजूला काढते आणि वळणाऱ्याकडे परत पाठवते. “तोंड उघडं राहिलं की तेलात सुटतो,” एवढेच तिचे म्हणणे. चिडणे नाही, कौतुकही नाही. एका शाळकरी मुलाने सलग दहा-बारा नीट वळले तेव्हा तिने त्याच्याकडे जास्त पीठ सरकवले. त्याने ते मान समजून घेतले.

फण्या नव्या होत्या. नाताळाच्या बाजारातून प्लास्टिकच्या जाड दातांच्या फण्या याच कामासाठी आणतात, काम झाले की धुऊन, पुसून फडक्यात गुंडाळून भांड्यांच्या कपाटात ठेवतात. त्या डोक्याला कधी लागत नाहीत. काही जण काट्याच्या पाठीवर वळतात. खाचा पाडलेली लाकडी फळीही काही घरांत आहे, आणि अशी फळी घरात असली की ती कोणाच्या लग्नात आली हे सगळ्यांना पाठ असते. फळीवरच्या रेघा खोल पडतात, फणीवरच्या बारीक. काट्यावरच्या मोजक्याच, पण ठसठशीत. ताटात पडलेला कुलकुल पाहून तो कोणत्या घरचा हे ओळखणाऱ्या बायका इथे आहेत.

कोणी काही शिकवत नव्हते. चार वर्षांच्या मुलीने दोन-तीनदा गोळी फणीवर चेंगरली, मग शेजारच्या अंगठ्याकडे टक लावून पाहिले आणि चौथी गोळी वळली. वाकडी होती. ती परातीतून परत आली नाही. लहान मुलाचा पहिला कुलकुल आजीच्या तपासणीतून सुटतो, असा इथला रिवाज आहे. तोंडे सतत चालू होती: शाळेच्या परीक्षा, वाडीतल्या विहिरीचे पाणी, कोणाचा साखरपुडा, यंदा गोठ्याच्या स्पर्धेत कोणत्या पाड्याचा नंबर. आखाती देशात असलेला मोठा मुलगा व्हिडिओ कॉलवर आला तेव्हा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, आणि तो पलीकडून गोळ्या मोठ्या होताहेत म्हणून सांगत राहिला.

रेघ कशासाठी

दिसायला छान म्हणून रेघा, असे मला वाटले होते. कढईशेजारी उभे राहिल्यावर त्यांचे काम कळते. हा पदार्थ म्हणजे मैद्याची जाड गोळी. ती तशीच तळली तर बाहेरून लाल होते आणि आत कच्ची राहते. फणीवर पसरली की ती पातळ होते, गुंडाळली की मध्ये पोकळी राहते, त्या पोकळीत तेल शिरते आणि कुलकुल दोन्ही अंगांनी तळला जातो. रेघांमुळे पृष्ठभाग वाढतो, पापुद्रा खुसखुशीत होतो आणि नंतर पाकात घातल्यावर साखर खाचांत धरून राहते. सपाट पाठीवरून ती टवका होऊन निघून येते.

पीठ किती वेळ मुरले यावर सारे अवलंबून आहे. मैद्याला ओलावा मिळाला आणि तो मळला की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून चिवट जाळे धरतात. ताजे मळलेले पीठ फणीवर पसरले तरी आखडून परत येते. अर्धा-पाऊण तास झाकून ठेवले की ते सैलावते. मोहन आणि नारळाच्या दुधातला स्निग्धांश पिठाच्या कणांवर बसतो आणि जाळे फार घट्ट होऊ देत नाही. म्हणून पाण्यात भिजवलेला कुलकुल कडक होतो आणि नारळाच्या दुधातला तोंडात विरघळतो. शंकरपाळ्याला मोहन का घालतात हे ज्या मराठी घरांना माहीत आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तळण मंद आचेवर. तेल जास्त तापले असेल तर रंग आधी येतो आणि आतला भाग मागे राहतो, म्हणून काका मधेच कढई उतरवत होते. मग पाक. साखरेत जेमतेम भिजण्याइतके पाणी घालून तो दोन तारांच्या पुढे नेतात, त्यात कुलकुल टाकतात आणि आच बंद करून हलवत राहतात. थंड होता होता साखर परत दाण्यांत उतरते आणि रेघांवर पांढरा, कोरडा थर बसतो. हात थांबला तर सगळ्याचा एक गोळा होतो. हे शेवटचे पाच मिनिटांचे काम घरात सर्वांत जोरदार हात असलेल्या माणसाकडे असते. पाक न घालणारी घरेही तितकीच आहेत, आणि दोन्ही बाजूंना आपलेच खरे वाटते. मी दोन्ही खाल्ले. पाकाशिवायच्या कुलकुलात नारळ जास्त कळतो, माझे मत त्याला.

भट्टीतला घरचा डबा

घरोघरी ओव्हन आले त्याच्या आधीही नाताळचा केक होत होता. तो घरात फेटायचा आणि गावच्या बेकरीत भाजायला न्यायचा. वसईत, वांद्र्यात, गोव्यात पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही विचारा, डोक्यावर किंवा सायकलच्या कॅरिअरवर केकचे पत्र्याचे डबे नेल्याची आठवण निघतेच. डब्यावर चिठ्ठी, कधी खिळ्याने कोरलेले आडनावाचे पहिले अक्षर, कधी पिठाने काढलेली खूण. भट्टीच्या आत चिठ्ठी जळते, म्हणून जाणत्या घरांचा भरवसा कोरलेल्या अक्षरावर.

ही गोष्ट नुसती ख्रिस्ती घरांची नाही. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत बसायचे आणि नानकटाईचे, बिस्किटांचे पत्रे भाजून मोठ्या डब्यात घालून आणायचे, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी केले आहे. रांगेत बसलेल्या बायका, गरम पत्र्यांचा वास, मोडक्या बिस्किटांवर मुलांचा हक्क. सण दोन, पण भट्टी तीच आणि कारागीरही तेच. मुंबईच्या आसपासच्या बेकऱ्यांत हे कारागीर पुष्कळदा उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान. त्यांच्या हातून दिवाळीची नानकटाई, ईदचा पाव आणि नाताळचा केक एकाच भट्टीतून बाहेर येतो.

लाकडाच्या भट्टीचे दिवसभराचे वेळापत्रक तिच्या उष्णतेवर बेतलेले असते. विटांच्या घुमटात रात्री लाकूड पेटवतात. विटा तापल्या की निखारे बाजूला सारून तळ पुसून घेतात. आता भट्टीत विस्तव नाही, साठवलेली धग आहे आणि ती तासातासाने उतरत जाणार. सर्वांत कडक धग पावाला, कारण पाव झटक्यात फुगायला हवा. ती उतरली की बिस्किटे आणि केक. अगदी शेवटी टोस्ट, ज्याला भाजायचे नसते, फक्त सुकवायचे असते. म्हणून घरच्या डब्यांची वेळ दुपारची. भट्टी किती उतरली हे कारागीर तळावर मैद्याची चिमूट टाकून पाहतो: ती लगेच काळी झाली तर थांबायचे, सावकाश बदामी झाली तर डबे आत. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर डबा ठेवून तो मागच्या भिंतीपर्यंत सरकवायचा आणि कोणता डबा कुठे आहे हे अंधारात लक्षात ठेवायचे. माझ्यासमोर एका कारागिराने दार अर्धे उघडून, नुसत्या वासावरून दोन डबे पुढे ओढले. दोन्ही तयार होते.

आता हे कमी होत चालले आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. धुराचा प्रश्न खरा आहे. त्या धुरात वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्या कारागिराच्या छातीचा प्रश्न तर त्याहून खरा आहे, त्यामुळे या बदलाला माझा विरोध नाही. पण गॅसच्या फिरत्या ओव्हनमध्ये ठरावीक मापाचे पत्रे ठरावीक खणांत जातात आणि एकदा दार लावले की घाणा संपेपर्यंत उघडत नाहीत. त्यात सात घरांचे सात मापांचे डबे बसवणे अवघड. भट्टी बदलणाऱ्या मालकांना माझे एक सांगणे आहे: डिसेंबरात आठवड्यातली एखादी दुपार घरच्या डब्यांसाठी राखून ठेवा. पैसे घ्या, पण दार बंद करू नका.

गोव्यातली वाळलेली रेघ

म्हापशाच्या बाजारात डिसेंबरात माडाच्या गुळाच्या काळ्याभोर ढेपा रचलेल्या असतात. हा गूळ नसेल तर दोदोल होत नाही. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि हा गूळ पितळी कायलीत घालून तासन्‌तास ढवळायचा, कडेने तेल सुटेपर्यंत. दोघे-तिघे आळीपाळीने ढवळतात. बेबिंकाही तितकीच वेळखाऊ: अंड्यांचे बलक, नारळाचे दूध, साखर आणि मैद्याचा एक थर ओतायचा, वरच्या झाकणावर निखारे ठेवून भाजायचा, तूप सोडायचे, मग पुढचा थर. आच वरून का, तर खालचे थर आधीच भाजलेले असतात. गोव्याच्या बेबिंकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पण नाताळच्या बिस्किटाच्या शोधात गेलेल्या माझ्यासारखीला गोव्यात थांबवतो तो बोलिन्हा. हे रव्याचे आणि खोबऱ्याचे बिस्किट. साखरेच्या पाकात बारीक वाटलेला ओला नारळ शिजवायचा, त्यात रवा घालून घट्ट होऊ द्यायचा आणि भांडे झाकून रात्रभर तसेच ठेवायचे. ही रात्र वगळता येत नाही. रवा ओलावा शोषून फुगतो, म्हणून भाजल्यावर बिस्किट दाताखाली करकरत नाही. दुसऱ्या दिवशी बलक आणि वेलची मिसळायची, लिंबाएवढे चपटे गोळे करायचे आणि वरून सुरीने किंवा काट्याने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या.

इथेही रेघच, आणि इथेही मुलांच्या हाती. सालसेतमधल्या एका घरात ओसरीवर चार भावंडे पत्र्यांवर वाकून रेघा मारत होती. प्रत्येकाची पद्धत वेगळी. धाकट्याच्या रेघा इतक्या खोल की भाजताना बिस्किट चार ठिकाणी उमलले. मोठीच्या इतक्या हलक्या की फुगताना मिटून गेल्या. भाजून आल्यावर कोणते कोणाचे हे त्यांना लगेच ओळखता आले आणि त्यावरून बराच वेळ वाद चालला. पत्रे भाजले होते गावच्या पोदेराने. पहाटे पाव देऊन गेलेला तोच माणूस दुपारी पत्रे घेऊन गेला आणि तिन्हीसांजेला आणून दिले.

बोलिन्ह्याला, बेबिंकेला बलक लागतात, मग अंड्यांचे पांढरे कुठे जाते? ते मार्झिपानमध्ये जाते. युरोपात हा पदार्थ बदामाचा. इथे तो काजूचाही झाला, आणि हे काजूचे झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेले. काजूची पूड, साखर, अंड्याचे पांढरे आणि गुलाबपाणी मंद आचेवर घोटून त्याचा मऊ गोळा करायचा, रंग घालायचा आणि तूप लावलेल्या रबरी साच्यांत दाबायचा: तारे, घंटा, मासे, फळे. एकाच दिवशी बोलिन्हा आणि मार्झिपान केले की अंड्यातले काही वाया जात नाही. गोव्यात आणि वसईत दोन्हीकडे बायका कामांचा क्रम असाच लावतात.

नगरचे शंकरपाळे

अहिल्यानगरला मी गेले ते वेगळे काही पाहायला आणि पाहिला तो ओळखीचा फराळ. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे 1831 मध्ये सुरू झाले. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यामुळे हे ख्रिस्ती मराठी जग आपल्या वाचनात आले. इथल्या प्रोटेस्टंट घरांत पोर्तुगीज काहीच नाही. नाताळला करंज्या, शंकरपाळे, लाडू, चकल्या, चिवडा आणि त्यांच्या जोडीला केक. एका घरात करंज्यांना मुरड घालायचे काम पंचाहत्तरीच्या बाईंकडे होते आणि दिवाळीत त्यांना मदतीला बोलावणारी हिंदू शेजारीण सारण भरत होती. दोघींनी त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मानले नाही, आणि त्यांचे बरोबर आहे.

साखरेची नक्षी

वसई-विरारच्या इमारतींत वाढलेल्या मुलांना कुलकुलाइतकेच आता रंगीत आयसिंगच्या बिस्किटांचे वेड आहे. चित्रपटांतून, मोबाइलवरून आलेली ही हौस. साचे, रंग, नोझल मुंबईत महात्मा जोतिबा फुले मंडईच्या परिसरात मिळतात आणि डिसेंबरात तिथल्या दुकानांत उभे राहायला जागा नसते. एका घरात दोन बहिणी आणि त्यांची आई हे काम करताना मी पाहिले आणि हे काम हलके नाही हे ध्यानात आले.

बिस्किटाचा तारा भाजल्यावर तारा राहील की गोळा होईल, हे ओव्हनच्या आधी ठरते. लोणी शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानालाच वितळते, मैदा घट्ट व्हायला त्याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते. मधल्या मिनिटांत सारे पसरते. म्हणून पीठ लाटून, साच्याने कापून, पुन्हा फ्रीजमध्ये गार करून मगच भाजतात. फार फेटले तर आत हवा भरते आणि बिस्किट फुगून आकार सोडते. 170-180 अंशांवर दहा-बारा मिनिटे, कडा जेमतेम बदामी होईपर्यंत. बाहेर काढताना ते मऊच असते. कडक होईपर्यंत आत ठेवले तर गार झाल्यावर दगड होतो.

आयसिंग म्हणजे अंड्याचे पांढरे, आयसिंग शुगर आणि लिंबाचे काही थेंब. एका पांढऱ्याला 200 ग्रॅमच्या आसपास साखर. त्याच्या दोन जाडी करतात. जाड आयसिंगने कडेची बांधणी आणि ती वाळली की पातळ आयसिंग आत सोडून भराव. बांध आधी आणि पाणी नंतर हे भातशेती करणाऱ्या आजोबांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी नातीच्या हातून बटर पेपरचा कोन घेतला आणि एका घंटेची कड एका दमात ओढली. हात थरथरत होता, पण रेघ तुटली नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत भराव वाळायला रात्र लागते, म्हणून बिस्किटे पंख्याखाली ताटांत मांडून ठेवली जातात आणि रात्रभर कोणी त्या खोलीत जायचे नाही. अंडी न चालणाऱ्यांसाठी साखर आणि दुधाचे आयसिंग वेगळ्या ताटात.

आजीचे मार्झिपान आणि नातीचे आयसिंग एकाच टेबलावर होते. दोन्हींत तेच पांढरे, तीच साखर. आजीला नवीन बिस्किटे फार गोड वाटली, तसे ती म्हणालीही. पण लाल रंगाची बाटली संपत आली तेव्हा स्वतःच्या साच्यांसाठी ठेवलेला रंग तिने पुढे सरकवला.

ताट कोणाकडे जाणार

किती करायचे हे खाणाऱ्यांच्या डोक्यांवरून ठरत नाही, घरांच्या यादीवरून ठरते. वसईतल्या त्या आजींना यादी तोंडपाठ होती: भावकी, शेजार, वाडीत काम करणारी कुटुंबे, मुलांचे शिक्षक, दिवाळीला ज्यांच्याकडून फराळ आला ती सर्व घरे. ताटात कुलकुल, करंजी, दोसाच्या म्हणजे हरभऱ्याच्या डाळीच्या आणि खोबऱ्याच्या वड्या, केकचा तुकडा, मार्झिपानचे दोन-चार आकार, वर क्रोशाचा रुमाल. पोहोचवायला मुले जातात. दिवाळीत आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नाही हा आपला नियम इथे नाताळला पुरा होतो.

गोव्यात या देवाणघेवाणीला कोन्सुआद म्हणतात, आणि तिचा सर्वांत शहाणा भाग दुःखाच्या घराबद्दलचा आहे. वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला असेल तिथे नाताळला गोड केले जात नाही. त्या घरी शेजारी ताटे पाठवतात. कढई चढलेली नसते, पण मुलांच्या हातात कुलकुल असतो. दिवाळीत आपल्याकडेही हेच होते: दुःखाच्या घरी फराळ करत नाहीत, तो शेजारून येतो.

आता तयार ताटे विकत मिळतात. वांद्र्यात, वसईत, मडगावात घरगुती उद्योग करणाऱ्या अनेक बायकांचे वर्षाचे मोठे उत्पन्न या महिन्यात होते. त्यांचा माल चांगला असतो आणि ज्या घरात दोनच म्हातारी माणसे उरली आहेत त्यांनी तो विकत घ्यावा यात काही उणे नाही. बेबिंका, दोदोल, केक खुशाल विकत आणावेत. कुलकुल मात्र घरी करावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. कौशल्य जुजबी, धोका नाही, चार वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या आजीपर्यंत प्रत्येकाला देण्याजोगे काम आहे आणि ते संपेपर्यंत कोणाला टेबलावरून उठता येत नाही. नाताळच्या इतर कुठल्याही पदार्थात हे सारे एकत्र नाही.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. यातली बहुतेक प्रमाणे आज्यांच्या हातांत आहेत, कागदावर नाहीत. “पीठ घेईल तेवढं दूध” हे माप त्यांना पुरते, पुढच्या पिढीला पुरणार नाही. यंदा त्यांच्या शेजारी वजनकाटा घेऊन बसा आणि त्या घालतील ते आधी तोलून लिहून घ्या. मी लिहून घेतलेले प्रमाण असे: एक किलो मैदा, 100 ग्रॅम बारीक रवा, पाव किलो पिठीसाखर, 100 ग्रॅम तूप, पाऊण चमचा मीठ आणि भिजवायला दोन मोठ्या नारळांचे पहिले दूध, त्यातले थोडे उरते. ज्यांच्याकडे नाताळ नाही त्यांनीही शेजारी विचारून पाहावे. वळायला जादा हात नको असे म्हणणारे घर मला भेटले नाही. नवी फणी आपली आपण न्यावी. घट्ट झाकणाच्या डब्यात कुलकुल पंधरा दिवस सहज टिकतात, तेव्हा डिसेंबरचा दुसरा रविवार त्यासाठी सोयीचा.